न झालेली कावीळ

सोहोनींच्या घरात कुणालाही कावीळ झालेली नव्हती. तरीही अठ्ठ्याण्णव सालच्या त्या जानेवारीत नानपुऱ्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस त्यांच्या अमितच्या काविळीची चौकशी करत होता. शेजारच्या चंचलबेन रोज सकाळी दहाला स्टीलच्या तांब्यातून उसाचा रस घेऊन दारात उभ्या राहत. बारडोलीच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या एका स्नेह्याने तर उसाची अख्खी मोळी पाठवून दिली. कुणी मुळ्याचा पाला सुचवला. कुणी मंतरलेल्या काड्यांची एक माळ आणून दिली. कावीळ उतरते तसतशी ती माळ लांब होत जाते म्हणे. अमितच्या गळ्यात ती घातली, आणि गंमत अशी की आठ दिवसांत माळ खरोखरच छातीपर्यंत लांबली!

"बाबा, माझी ही कावीळ कधी बरी होणार?" रसाचा पेला तोंडाला लावत एके दिवशी अमितने विचारलं. तो हसत होता, पण मुकुंदरावांना काही त्याच्याबरोबर हसता आलं नाही.

खरी गोष्ट अशी होती, की अमित तीन महिने वडोदऱ्याजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून परत आला होता. विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना परीक्षेच्या दडपणाने त्याची झोप उडाली, तेव्हा कुणीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली त्याच्या हातात ठेवली होती. खोकला नव्हताच. पण त्या औषधाने डोक्यातला गलबला निवला आणि पावलं कापसावर पडावीत तसं वाटू लागलं. मग आठवड्याला एक बाटली, मग रोज, मग दिवसाला चार. अमितच्या आईला, अरुणाबाईंना, माळ्यावर जुन्या गाद्यांमागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग सापडला तेव्हा त्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायला निघाल्या होत्या. त्या दिवशी त्या शाळेत गेल्याच नाहीत.

मुकुंदराव वाईट माणूस नव्हते. बँकेत अधिकारी, सरळमार्गी, जरा घाबरट. मुलाला केंद्रात पोचवून आले त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला बजावलं, "हे चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. कुणी विचारलं तर अमित नाशिकला काकांकडे गेलाय, तिथे त्याला कावीळ झाली. लोक काय म्हणतील, याचा विचार कर."

"लोक दोन दिवस बोलतील," अरुणाबाई म्हणाल्या. "पण अमितला जन्मभर खोटं बोलावं लागेल, त्याचं काय?"

मुकुंदरावांनी ताट पुढे ओढलं. घरात कधी कधी असंच होतं. प्रश्न जेवणाच्या ताटाशेजारी तसाच पडून राहतो आणि सगळे तो ओलांडून जातात.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी अमितला सोडताना एक बंद पाकीट दिलं होतं, विद्यापीठातल्या विभागप्रमुखांना द्यायचं. त्या म्हणाल्या होत्या, "उपचार इथे झाले. पण खरी कसोटी आता लागेल. ज्या कट्ट्यावर सवय लागली, त्याच कट्ट्यावरून त्याला रोज जावं लागणार. तिथे त्याची अवस्था माहीत असलेली दोन माणसं तरी हवीत. एकट्याला हे जमत नाही, सोहोनीसाहेब." मुकुंदरावांनी मान डोलावली, पाकीट घेतलं आणि ते बँकेतल्या आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

फेब्रुवारीत अमित पुन्हा विद्यापीठात जाऊ लागला. त्याला सगळंच धूसर दिसे. अंगणातून घरात आलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते ना, तसं. मोकळ्या मैदानावरचं पिवळं ऊन, प्रयोगशाळेतला गॅसचा मंद वास, काचनळीत हळूहळू तळाशी बसणारा पांढरा साका. तो त्या साक्याकडे बघत बसे आणि तास संपून जाई. मित्र पाठीवर थाप मारून म्हणत, "शुं यार, कमळो मटी गयो ने? चल, चहा मारू." अमित हसून मान हलवी. कावीळ उतरली का, एवढंच त्यांना विचारायचं असे. त्या टोळक्यातल्या दोघांच्या दप्तरांत काय असतं, हे त्याला ठाऊक होतं. आपण तिथे का बसू शकत नाही, हे मात्र तो सांगू शकत नव्हता. काविळीतून उठलेल्या माणसाने मित्रांना का टाळावं?

"बाबा, ते पत्र दिलंत?" तो संध्याकाळी विचारी.

"देतो रे. योग्य वेळ बघून देतो."

आणि योग्य वेळ यायची तोवर मुकुंदराव पहारा करत. सदऱ्याचा वास घेत, बाथरूमच्या दाराबाहेर उभे राहत, दुपारच्या सुट्टीत बँकेतून स्कूटर काढून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत जात आणि झाडाआडून प्रयोगशाळेच्या खिडक्या न्याहाळत. त्यांना वाटे, बापाने याहून अधिक ते काय करायचं?

एका सकाळी अमित आईला हळू आवाजात सांगत होता, "आई, काल स्वप्न पडलं. नदीच्या वाळूत बसलोय आणि बाटली पितोय. इतकं खरं होतं! जिभेवर तीच गोड, कडवट चव. जागा झालो तेव्हा रडत होतो. वाटलं, सगळं गेलं. मग कळलं, की आपण प्यायलोच नव्हतो."

अरुणाबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण खोलीत शिरणाऱ्या मुकुंदरावांच्या कानावर 'बाटली पितोय' एवढंच पडलं. ते सरळ आत गेले आणि त्यांनी अमितची पिशवी पलंगावर उपडी केली. वह्या, रुमाल, प्रयोगाचा पांढरा कोट, एक अर्धं सोललेलं संत्रं. बाटली नव्हती. अमित दारात उभा राहून पाहत होता. खाली वाकून त्याने वह्या गोळा केल्या, संत्रं उचलून खिडकीत ठेवलं आणि तो निघून गेला.

त्या दिवसापासून तो आपली स्वप्नं कुणाला सांगेनासा झाला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मुकुंदराव नेहमीप्रमाणे फाटकाशी गेले, तर खिडकीत अमित दिसेना. प्रयोगशाळेतल्या एका मुलाने सांगितलं, "अमित? अकरा वाजता चहाच्या लारीवर होता, मग दिसला नाही."

चहाची ती हातगाडी, वाचनालय, बसथांबा, नदीकाठ, सगळीकडे मुकुंदराव फिरले. दुपार डोक्यावर आली होती. सगळं शहर ऊन खाऊन पेंगत होतं, आणि त्या पेंगेतून ते एकटेच कुणाला तरी हाका मारत फिरताहेत, असं त्यांना वाटू लागलं. हाका तोंडातून बाहेर पडतच नव्हत्या. शेवटी एका टेलिफोन बूथवरून त्यांनी अरुणाबाईंच्या शाळेत फोन लावला.

"कोसाडला बघा," पलीकडून अरुणाबाई म्हणाल्या. "केंद्रात याच्या खोलीत हेमराज म्हणून एक मुलगा होता, कोसाडच्या वसाहतीतला. कॉमर्सला आहे. हा त्याच्याबद्दल सांगायचा. तुम्हीच म्हणाला होतात, असल्या मुलांशी संबंध नको."

मुकुंदराव निघाले. कतारगामच्या गल्ल्यांतून जाताना दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खटखटाट येत होता, इतका एकसारखा की थोड्या वेळाने तो आवाज वाटेना, शांतताच वाटू लागली. मग तापीवरचा पूल आला. खाली पाणी हलतंय की थांबलंय हे कळत नव्हतं. पाण्याच्या मधोमध एक होडी होती आणि तिच्यात कुणीच दिसत नव्हतं. या पुलाला शेवटच नाही, आपण असेच पुढे जात राहणार आणि मुलगा पलीकडच्या काठावर असणार, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

कोसाडला मात्र कुणाला दोनदा विचारावं लागलं नाही. "हेमराज? तो बरा होऊन आलेला ना? त्या निळ्या दरवाज्याचं घर," कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सहज सांगितलं. बरा होऊन आलेला! जणू कुणी तीर्थाला जाऊन आल्याचं सांगावं, अशा सुरात.

निळ्या दरवाज्याच्या उंबऱ्यात साठीकडे झुकलेली एक बाई मांडीवर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत बसली होती. दुपारचं ऊन त्या टिकल्यांवरून उसळून छतावर नाचत होतं. तिने स्कूटर पाहिली, मुकुंदरावांचा चेहरा पाहिला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"अमितचे वडील ना? या भाऊ, बसा. मी प्रमिला, हेमराजची आई. पोऱ्या झोपेल शे. आत्ता उठाडू नका त्याले."

आत खाटेवर अमित कुशीवर झोपला होता, अंगावर गोधडी. पायथ्याशी एक सावळा, शिडशिडीत मुलगा हिशेबशास्त्राचं पुस्तक उघडून बसला होता. तो हेमराज. पुस्तकाकडे त्याचं लक्ष नव्हतं, अमितच्या श्वासाकडे होतं.

"प्यायलाय का?" मुकुंदरावांनी विचारलं.

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी काहीच झाकलं नाही. "दोस्तांनी आग्रह केला. एक बाटली प्याला. दुसरी ही बघा. बूचसुद्धा उघडेल नही."

मुकुंदरावांच्या मस्तकात तिडीक गेली. तीन महिने! एवढं केलं ते मातीत! ते ताडकन उठले आणि खाटेकडे वळले, हात उगारलेलाच. प्रमिलाबाई उठल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पडला तो पडला. पन पडल्यावर कुठं गेला, ते बघा ना!"

मुकुंदरावांचा हात हवेतच राहिला.

"त्या टोळक्यात बसून दुसरी प्याला असता, तिसरी प्याला असता. नही प्याला. दोन बसा बदलून हितं आला. दारात उभा राहून ढसाढसा रडला. हेमराजनं लगेच वडोदऱ्याच्या म्याडमला फोन लावला. त्या म्हने, झोपू द्या, एकटा सोडू नका, सोमवारी घेऊन या. तवापासून मना पोऱ्या त्याच्या पायाशी बसेल शे."

"मी पण एकदा असाच पडलो होतो, काका," हेमराज हळूच म्हणाला.

मुकुंदराव खाली बसले. त्यांनी विचारलं, "तुमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे?"

"मीच सांगं! हेमराज आला त्या दिशी बठ्ठ्या गल्लीले, घरोघर सांगं. मना पोरगा नशेत पडला व्हता, आता उठेल शे, त्याले सांभाळा म्हनलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली की! दोन दिवस तोंड धुवायले नळावर गेली नही. कोनी हसलं, कोनी पोरांना आमच्याकडं येऊ देईना. पन औसधवाल्यानं सांगितलं, मावशी, माझ्या दुकानातून त्याला बाटली मिळनार नही. शेजारचे धुडकूबाबा सकाळी त्याच्यासंगं थांब्यापर्यंत चालत जातात, गप्पा मारत. हसनारे चार, पन हात देनारे दोन तरी भेटले ना? मी झाकून ठेवलं असतं तर ते दोन कुठून आले असते?"

त्यांनी साडी बाजूला ठेवली. "हेमराजचे वडील तीस वरसं कतारगामले लूमवर शेत. त्यांना इचारा. तार तुटला की लूम थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. रोज तुटतो तार, त्यात काय नवल? पन कोनी घाबरून तुटलेला तार झाकला ना भाऊ, तर बठ्ठा ताका वाया जातो. तुमी काय झाकून ठेवलंय, माले माहीत नही. पन काहीतरी ठेवलंय. त्याबिगर पोरगं बापाचं घर सोडून माझ्या दारात आलं नसतं."

हे बोलणं चालू असतानाच अमितने डोळे उघडले होते. तो छताकडे बघत होता, तिथल्या नाचऱ्या उजेडाकडे. त्याला बहुधा अजून स्वप्नच वाटत असावं.

"अमित," मुकुंदराव जवळ जाऊन म्हणाले. "घरी का नाही आलास रे? इतक्या लांब का आलास?"

अमितने वडिलांकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

"घरी मला कावीळ आहे ना, बाबा."

अरे देवा! मुकुंदरावांना वाटलं, कुणीतरी आपल्याला गदागदा हलवून जागं केलं. मुलगा बुडत होता, आणि हाक मारायला त्याच्या तोंडात आपण एकही खरा शब्द शिल्लक ठेवला नव्हता! व्यसनाने त्याला कट्ट्यावर नेलं असेल, पण तिथे एकटा सोडला तो मी. बँकेच्या ड्रॉवरला कुलूप लावून सोडला. ते खाटेच्या कडेला बसले आणि मुलाचा हात हातात घेऊन परक्या घरात, परक्या माणसांसमोर, हमसून हमसून रडले. आयुष्यात पहिल्यांदाच 'लोक काय म्हणतील' हे त्यांच्या मनात आलं नाही.

प्रमिलाबाईंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. बापलेक आणि हेमराज, तिघेही जेवले.

उन्हं उतरताना बापलेक स्कूटरवरून निघाले. पुलावर अमितने वडिलांच्या पाठीवर डोकं टेकलं, लहानपणी टेकायचा तसं. मुकुंदरावांनी वेग आणखी कमी केला.

घरी पोचल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. अरुणाबाईंना बरोबर घेऊन चंचलबेनचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "आम्ही तुम्हाला फसवलं, बेन. माफ करा." चंचलबेननी दोघांना आत घेतलं. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मुकुंदभाई, माझा भाऊ दारूने गेला. आम्ही पण लोकांना हार्ट सांगितलं. जे आहे ते आधी सांगायचं ने?" बिल्डिंगमधल्या सगळ्यांनीच असं ऐकून घेतलं असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने जाणंयेणं तोडलं. मंडळाच्या हळदीकुंकवात दोघीतिघी अरुणाबाईंकडे बघून कुजबुजल्या. ते लागलं. पण ज्या घरात महिनाभर सगळे दबक्या आवाजात बोलत होते, तिथे त्या आठवड्यात रेडिओ लागला.

सोमवारी सकाळी अमितला वडोदऱ्याला दाखवून आले आणि मंगळवारी मुकुंदराव स्वतः पाकीट घेऊन विभागप्रमुख डॉ. मृणाल वैद्य यांच्यासमोर बसले. बाईंनी पत्र वाचलं, तारीख पाहिली.

"हे महिन्यापूर्वी मिळायला हवं होतं."

"हो. चूक माझी आहे, त्याची नाही."

मृणालबाईंनी पत्राची घडी घातली. "खरं सांगू? महिन्यापूर्वी मिळालं असतं, तर मी कदाचित नावच काढून टाका म्हटलं असतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या बाबतीत मी तेच केलं. तो पुन्हा कुठे दिसला नाही. अजून कधी वर्गात हजेरी घेताना वाटतं, त्याचं नाव पुकारावं."

त्यांनी अमितला राहिलेले प्रयोग पूर्ण करायला मुदत दिली. त्याच्या संमतीने दोन प्राध्यापकांना आणि एका वर्गमित्राला विश्वासात घेतलं. जुनी तराजूंची खोली रिकामी पडली होती, ती दर सोमवारी दुपारी चार ते पाच या वेळेत अशा मुलांना बसायला दिली. स्टाफरूममध्ये एक गृहस्थ म्हणाले, "विद्यापीठात नशेबाजांचा अड्डा काढणार का आता?" मृणालबाई म्हणाल्या, "अड्डा आहेच, सर, चहाच्या लारीमागे. त्याला दार नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही. आपण बाहेर पडायचं एक दार काढू."

पहिल्या सोमवारी दोघंच होते, अमित आणि कोसाडहून आलेला हेमराज. दोन सोमवार तसेच गेले. तिसऱ्या सोमवारी इंजिनियरिंगचा एक मुलगा दारात घुटमळला आणि आत आला. त्यानंतर एक मुलगी आली, पहिले काही सोमवार फक्त ऐकत बसली. तिथे उपदेश नसे. कुणी म्हणे, "आज चोवीस दिवस झाले." कुणी म्हणे, "काल फार वाईट गेला." कुणी पडलेलं स्वप्न सांगे, आणि त्याची पिशवी कुणी तपासत नसे.

अमितचं एक वर्ष मागे पडलं. गणपतीच्या दिवसांत तो आणखी एकदा घसरला. ही गोष्ट गोड करण्यासाठी ते लपवणं बरोबर होणार नाही. पण त्या दिवशी तो कोसाडला गेला नाही, कट्ट्यावरही थांबला नाही. भर दुपारी तो घरी आला. दारात वडील उभे होते. मान वर करून, शुद्ध स्वच्छ शब्दांत तो म्हणाला, "बाबा, आज माझा तोल गेला. मला मदत करा."

मुकुंदरावांनी वास घेतला नाही, खिसे चाचपले नाहीत. "आलास ते बरं केलंस," म्हणत त्यांनी दार पूर्ण उघडलं.

वाचकहो, औषध शरीरातून विष काढतं, केंद्र तीन महिने आधार देतं. पण त्यानंतरचं सगळं आयुष्य मुलाला आपल्यातच काढायचं असतं. आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या विद्यापीठात. पडलेल्या मुलाला पहारेकरी पुष्कळ मिळतात. त्याला हवं असतं खरं बोलता येईल असं एखादं माणूस, आणि खरं बोलून झाल्यावरही उघडंच राहील असं एक दार. तेवढं आपण प्रत्येक जण होऊ शकतो.